अठ्ठ्याण्णव

नववीच्या प्रॅक्टिकलला पाणी उकळायचं होतं,
एवढंच.
चंचुपात्र, तिवई, जाळी, स्पिरिटचा दिवा,
आणि स्टँडला दोऱ्याने टांगलेला थर्मामीटर,
ज्याच्याकडे बघायची पाळी माझी होती.

झैनब कोकणी वही घेऊन बसलेली.
दर मिनिटाला मी आकडा सांगायचा, तिनं लिहायचा.
बासष्ट. एकाहत्तर. त्र्याऐंशी.
तळाला मोहरीएवढे बुडबुडे चिकटले,
सुटले, वाटाण्याएवढे झाले,
मग पाणी खदखदायलाच लागलं
आणि पारा अठ्ठ्याण्णववर येऊन
बसला.

वात वर सरकवली. तरी नाही.
झैनब म्हणाली, थांब थोडं, चढेल.
सगळी आच वाफ होऊन खिडकीतून चालली होती,
पाऱ्याला त्यातलं काही मिळत नव्हतं.
ती म्हणाली, शंभर लिहू का? पुस्तकात शंभर आहे.
मागच्या बाकावरच्यांनी तर दिवा पेटवायच्या आधीच
शंभर लिहून ठेवलं होतं.

मी म्हटलं, दिसतंय ते लिही.

क्षेमकल्याणी बाईंच्या लाल पेनाने
आमचे अठ्ठ्याण्णव आडवे कापले.
शेजारी शेरा: निरीक्षण काळजीपूर्वक करावे.
झैनब दोन दिवस बोलली नाही.

भांडी बाजारात आमचं दुकान,
म्हणजे एक ओटा, एक ऐरण,
आणि भिंतीवरच्या खिळ्यांना कुकरची रबरं,
मापाप्रमाणे, कासारणीच्या बांगड्यांसारखी.
वडील सातवी शिकलेले. वाफेत मुरलेले.
वही बघून त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
सप्तशृंगी गडावरून बायका येतात ना आपल्याकडे,
त्या काय म्हणतात?
म्हणतात, वर पाणी नुसतं नाचतं,
डाळ काही शिजवत नाही.

मग एक पातेलं ओढलं, त्यावर तळहात ठेवला.
ही हवा. पाण्याच्या डोक्यावर बसलेली.
हिला ढकलून बाहेर पडता आलं, की उकळलं समज.
हात दाबला. हा कुकर. आता जास्त तापावं लागेल.
हात उचलला, अगदी टेकेल न टेकेल. हा गड.
मग मधेच कुठेतरी धरला,
जरा खाली, जरा वर, मनाजोगता होईपर्यंत.
हे नाशिक.
आपण कसारा चढून वर राहणारी माणसं, पोरी.
दोन हजार फूट हवा खालीच राहिली.

एवढं बोलून ते
कुणाच्या तरी शिट्टीत अडकलेली डाळ
सुईने काढायला लागले.

पुढच्या आठवड्यात बाईच आल्या.
पाच लिटरचा, झाकणाच्या कडेने फुसफुसणारा.
मी रबरांच्या पोत्यामागे.
वडिलांनी रबर बदललं, पाणी घालून शेगडीवर चढवला,
आणि पहिली शिट्टी होईस्तोवर
तळहात खाली, तळहात वर,
तेच सगळं पुन्हा.
बाई ऐकत होत्या की शिट्टीची वाट बघत होत्या,
पोत्यामागून कळलं नाही.
सुटे नव्हते, चार रुपये राहिले.
ते दुसऱ्या दिवशी शिपायाकडून आले.
मार्क तेवढेच राहिले.

दोन वर्षांनी धाकटा पुंडलिक नववीत गेला.
त्याच्या वहीत, फळ्यावरून उतरवलेलं, वेडंवाकडं:
पुस्तकात १००. आपल्याकडे ९८. का?
खाली दोन ओळी मोकळ्या सोडलेल्या.
त्या त्याने शेवटपर्यंत भरल्या नाहीत, गाढवाने.

आता मी उरणला असते. समुद्र दहा मिनिटांवर.
एकदा मुद्दाम थर्मामीटर विकत आणला,
नवरा म्हणाला, ताप कुणाला आलाय?
पाण्याला, म्हटलं.
ओट्याशी उभी राहिले, तशीच, मान वाकडी करून.
पारा अठ्ठ्याण्णववर आला
आणि माझा हात आपोआप गॅसच्या बटणाकडे गेला.

पाणी अजून उकळलं नव्हतं.